काचपेटीतला समुद्र

कोकणच्या किनाऱ्यावर सुटीसाठी गेलेले मूल परत येताना पुष्कळदा एक बाटली बरोबर घेऊन येते. बाटलीत समुद्राचे पाणी असते, ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यात सापडलेला बोटाएवढा मासा असतो, मूठभर वाळू असते आणि शेवाळाचे एखादे पान असते. रात्री सारे घर त्या बाटलीभोवती जमते. सकाळी मासा पाण्यावर उलटा तरंगत असतो आणि दुपारपर्यंत पाण्याला दुर्गंधी सुटते. पाणी समुद्राचेच, मासा समुद्राचाच, वाळूही समुद्राचीच. मग उणे काय राहिले?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माणसाची सुमारे पावणेदोनशे वर्षे गेली आहेत. आज जगात अशा काचपेट्या आहेत की ज्यांत जिवंत प्रवाळ वर्षानुवर्षे वाढतात, फांद्या फोडतात आणि क्वचित् प्रजोत्पादनही करतात. परंतु हे यश कोणा एकाच्या बुद्धीच्या झेपेने मिळालेले नाही. ते चुकांच्या एका लांबलचक मालिकेतून हळूहळू हाती आले आहे. एकाने चूक करावी, ती प्रांजळपणे लिहून ठेवावी आणि दुसऱ्याने तिच्यापुढे एक पाऊल टाकावे, असाच या विद्येचा प्रवास आहे.

या प्रवासाचा आरंभ मोठा मौजेचा आहे. १८४६ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्मगुरूंची पत्नी ॲना थिन ही टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेली होती. तेथील खडकांवर तिला लहान पेल्याच्या आकाराचे प्रवाळ आढळले. ते तिने स्पंजाच्या तुकड्यांवर सुईदोऱ्याने टाचले आणि पाण्याच्या बरणीतून लंडनला आणले. शहरात समुद्राचे ताजे पाणी रोज कोठून मिळणार? तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहावयाचे आणि त्यात हवा खेळवावयाची, अशी युक्ती तिने काढली. हे काम घरातील मोलकरणीकडे होते आणि ते दररोज अर्धा-पाऊण तास चाले. पुढल्या वर्षी तिने पाण्यात समुद्रवनस्पती ठेवल्या. अशा रीतीने हे प्रवाळ लंडनमध्ये जवळजवळ तीन वर्षे जगले. पाणी शिळे होते ते कशाने आणि ताजे होते ते कशाने, या प्रश्नाला घातलेला तो पहिला हात होता.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवून प्रयोग आरंभला. मासा सोडतो तो वायू वनस्पतीने घ्यावा आणि वनस्पती देते तो प्राणवायू माशाने घ्यावा, असे सुबक गणित त्याने मांडले होते. थोड्याच दिवसांत वनस्पतीची जुनी पाने कुजली, पाणी गढुळले आणि काचेवर हिरवा थर चढला. गणितातील एक पद राहून गेले होते. जगणाऱ्यांचा हिशेब झाला होता, कुजणाऱ्यांचा झाला नव्हता. वॉरिंग्टनने पाण्यात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन टाकले आणि पाणी निवळले. १८५० साली त्याने हे सर्व, आपल्या पहिल्या अपयशासह, प्रसिद्ध केले.

पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि काचपेटीचे वेड घराघरांत शिरले. त्या वेडाला जाणकारीची जोड देणाऱ्यांत विल्यम आल्फर्ड लॉइड याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उघडलेल्या मत्स्यालयात त्याने प्रेक्षकांना दिसणाऱ्या काचटाक्यांच्या कितीतरी पट मोठा हौद जमिनीखाली अंधारात बांधविला आणि पाणी त्या दोहोंमध्ये अखंड फिरते ठेवले. अंधारात शेवाळ माजत नाही, आणि पाणी विपुल असल्यामुळे एखादा जीव मेला तरी त्याचे विष विरून जाते. ज्याला टाकी राखावयाची आहे त्याने आधी पाणी राखावे, हे सूत्र येथे प्रथम स्पष्ट झाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर रांगा लावून उभ्या राहिलेल्या कुटुंबांनी काचेतले मासे डोळे भरून पाहिले; परंतु त्या माशांचे आयुष्य काचेमागील नळ, पंप आणि गाळण्या यांवर अवलंबून असते, ते मात्र प्रेक्षकाला कधी दिसत नाही.

उष्ण कटिबंधातील प्रवाळ जगविणे हे मासे जगविण्याहून फार अवघड काम आहे. प्रवाळ दिसतो झाडासारखा आणि त्याचा सांगाडा असतो दगडासारखा. पण तो प्राणी आहे. अंगठीत बसवितात ते पोवळे निराळ्या जातीचे. समुद्रात भिंती उभारणारे प्रवाळ वेगळे. या भित्तिकारक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. सूर्यप्रकाशात हे शैवाल अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही एकदम उमगली नाही. १९२८-२९ सालच्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेचा प्रमुख मॉरिस याँग याचे मत असे होते की, प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी असून या शैवालापासून त्याला अन्न असे मिळत नाही. १९५८ साली प्रवाळाच्याच नात्यातील समुद्रफुलावर किरणोत्सारी कार्बनाचा प्रयोग झाला आणि शैवालाने बनविलेले द्रव्य यजमानाच्या शरीरात उतरते असा प्रत्यक्ष पुरावा हाती आला. म्हणजे प्रवाळ पाळणे याचा अर्थ एक प्राणी, त्याच्या पोटातली एक वनस्पती आणि त्याच्या अंगाखाली वाढणारा चुनखडीचा दगड, अशा तिघांना एकाच पाण्यात सांभाळणे हा होय.

या कामातली पहिली चूक घाईची असते. नवी टाकी आणली, पाणी भरले, मीठ विरघळले, दिवे लागले. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसते. मग उद्याच मासे का सोडू नयेत? परंतु हे स्वच्छ पाणी एका अर्थी वांझ असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हा विषारी पदार्थ सुटतो. समुद्रात आणि जुन्या टाकीत सूक्ष्मजंतूंची एक जमात त्याचे रूपांतर नायट्राइटमध्ये करते आणि दुसरी जमात नायट्राइटचे रूपांतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करते. या दोन्ही जमाती वाळूवर, खडकावर आणि गाळणीत पुरेशा वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लावल्यावर दही लागायला वेळ द्यावा लागतो. मध्येच भांडे हलवून ते लवकर लागत नाही. बाटलीतल्या माशाचेही एका रात्रीत असेच झाले. पाणी थोडे, त्यातला प्राणवायू संपत चाललेला, आणि त्याच पाण्यात साठत गेलेली घाण उचलणारे कोणी नाही.

हे सूक्ष्मजंतू आयते कसे आणता येतील, याची वाट इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी दाखविली. त्यांच्या पद्धतीची माहिती १९६१ साली अमेरिकेतील मत्स्यपालनाच्या एका मासिकात प्रसिद्ध झाली. समुद्रातून काढलेले, असंख्य जीवांनी भरलेले सच्छिद्र खडक टाकीत ठेवावयाचे, सूर्यप्रकाश येऊ द्यावयाचा आणि हवेचे मंद बुडबुडे सोडावयाचे, एवढीच ती पद्धती. तिचे मर्म खडकात होते. परंतु हाच खडक दूरच्या शहरात नेताना त्यावरील जीव मेले, तर जो खडक पाणी शुद्ध करावयाचा तोच पाणी नासवितो. जाकार्त्याचा खडक उचलता येत होता. जाकार्त्याचे सान्निध्य उचलता येत नव्हते. म्हणून खडक आधी वेगळ्या भांड्यात आठवडेच्या आठवडे ठेवावा, मेलेले कुजून झडून जाऊ द्यावे आणि मगच तो टाकीत आणावा, हा नियम नुकसान सोसल्यावर रूढ झाला.

१९८० नंतरच्या दशकात ठिबकत्या पाण्याच्या गाळण्यांचे युग आले. या गाळण्या अमोनियाचा निकाल इतक्या चोख रीतीने लावीत की मासे खुशाल राहात. परंतु शेवटी उरणारे नायट्रेट पाण्यात साठत जाई. एक विष दूर करण्याच्या समाधानात दुसऱ्या साठ्याकडे दुर्लक्ष झाले. प्रवाळभित्ती ज्या पाण्यात वाढतात त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे प्रमाण अत्यल्प असते. टाकीत ते वाढले की शेवाळ माजते आणि प्रवाळ मलूल होतात. यावर बर्लिनच्या हौशी संगोपकांनी निराळा उपाय रूढ केला. पाण्यात बारीक बुडबुड्यांचा दाट फेस निर्माण करावयाचा आणि त्या फेसाला चिकटून आलेली घाण कुजण्याच्या आधीच बाहेर काढावयाची. गुऱ्हाळावर उकळत्या रसावरची मळी काढून टाकतात, तसलाच हा प्रकार. बाकीचे काम त्यांनी जिवंत खडकावर, जोरकस प्रवाहावर आणि तीव्र प्रकाशावर सोपविले. जिवंत खडकाच्या खोल छिद्रांत प्राणवायू पोहोचत नाही; तेथील सूक्ष्मजंतू नायट्रेटचे साध्या नत्रवायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. यंत्राने अर्धेच सोडविलेले गणित खडक पुरे करतो.

यापुढील चुका अधिक सूक्ष्म असतात, कारण त्या एका दिवसात दिसत नाहीत. त्यांतली सर्वांत साधी चूक पाणी आटण्याची आहे. मिठागर पाहिलेल्या माणसाला हे सांगावयास नको की उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा २०० लिटरच्या टाकीत ते सात किलोग्रॅम होतात. समजा, रोज तीन लिटर पाणी आटले आणि ती तूट खारे पाणी ओतून भरून काढली, तर दहा दिवसांत एक किलोहून अधिक जादा मीठ टाकीत पडते आणि लिटरमागे ३५ चे ४० ग्रॅम होतात. पाण्याची पातळी रोज बरोबर असते, रंग बरोबर असतो, आणि प्रवाळ मात्र मिटत जातो. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे, शुद्ध पाणी घालावे आणि खारे पाणी केवळ पाणी बदलताना वापरावे, एवढ्यानेच हे टळते. हा नियम एका वाक्यात मावतो. परंतु तो न कळल्यामुळे कितीतरी टाक्या ओस पडल्या आहेत.

दुसरी सूक्ष्म चूक चुन्याची आहे. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट यांपासून घडवितो. खुल्या समुद्रात या द्रव्यांचा तुटवडा पडत नाही. पेटीत ती संपत जातात. पीटर विल्केन्स यांनी १९७० नंतरच्या दशकात यावर चुन्याच्या निवळीचा उपाय पुढे आणला. पानाच्या डब्यातून जो चुना घराघरांत ठाऊक आहे, त्याच पदार्थाची शुद्ध स्वरूपातील ही निवळी. आटलेल्या पाण्याच्या जागी ती थेंबाथेंबाने दिली म्हणजे पाणीही भरून निघते आणि दगड घडविण्याची सामग्रीही मिळते. उपाय सोपा खरा, पण ‘थेंबाथेंबाने’ हा शब्द त्याचा आत्मा आहे. आठवड्याची निवळी एका दमात ओतली तर पाण्याचा अल्कधर्म एकाएकी चढतो, पाणी दुधासारखे पांढरे होते आणि जो चुना प्रवाळाच्या अंगी लागावयाचा तो गाळ होऊन तळाशी बसतो.

येथे मापनाचीही एक फसगत आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि कार्बोनेटांचा साठा, ज्याला शास्त्रीय भाषेत अल्कता म्हणतात, जर्मन अंशांत मोजला तर सुमारे सात भरतो. प्रवाळ वाढताना कॅल्शियम २० मिलिग्रॅम उतरले की अल्कता जवळजवळ २.८ अंश उतरते. म्हणजे कॅल्शियमचा साठा शेकडा पाचनेही घटलेला नसतो, पण अल्कता शेकडा चाळीस संपलेली असते. जो केवळ कॅल्शियम मोजतो त्याला सारे ठीक दिसते. त्याची मोजणी बरोबर असते, पण मोजावयाची वस्तू चुकलेली असते.

तिसरी चूक तर वर्षानुवर्षे लपून राहते. टाकी पहिले वर्ष उत्तम चालते, दुसरे वर्षही बरे जाते. मग काही नवे न करता, काही न बदलता, एकेक प्रवाळ फिकट होऊ लागतो. जुन्या टाकीचा हा विकार सर्व अनुभवी संगोपकांना परिचित आहे. त्याचे गणित उघड आहे. समजा, दर आठवड्याला लिटरमागे पाच मिलिग्रॅम नायट्रेट नव्याने तयार होते आणि संगोपक दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी इमानाने बदलतो. दहावा हिस्सा पाणी बदलले म्हणजे असलेल्या घाणीचा दहावाच हिस्सा जातो. म्हणून साठा वाढत वाढत पन्नासाच्या घरात जाऊन ठेपतो. तेव्हा कोठे जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी होते. नेमाने पाणी बदलूनही हे होते, यात दोष आळसाचा नसतो, प्रमाणाचा असतो. त्यातच फॉस्फेट चुनखडीच्या खडकात आणि वाळूत मुरत राहते. पुढे पाणी शुद्ध केले तरी खडक ते परत सोडतो, जशी लोणच्याची जुनी बरणी कितीही धुतली तरी वास सोडते. म्हणून तळचा गाळ वेळोवेळी, थोडा थोडा काढावा. सगळा एकदम ढवळला तर साठलेली घाण एका तासात पाण्यात उतरते.

या चुकीची जाणीव झाल्यावर माणसे दुसऱ्या टोकाला गेली, हेही नमूद केले पाहिजे. नायट्रेट वाईट, फॉस्फेट वाईट. तेव्हा दोन्ही शून्यावर आणा, असा एक काळ आला. त्यासाठी शोषक द्रव्ये वापरली गेली, सूक्ष्मजंतूंना खाद्य देऊन पोषकद्रव्यांचा पुरता निचरा करण्यात आला. पाणी निर्मळ झाले आणि प्रवाळ उपाशी पडले. त्यांच्या अंगातील शैवालालाही नत्र आणि स्फुरद लागतोच. शिवाय अशा रित्या पाण्यात तपकिरी, चिकट सूक्ष्मशैवालाचे तवंग खडकांवर पसरतात आणि काही केल्या हटत नाहीत, हा अनुभव पुष्कळांना आला. प्रवाळभित्तीचे पाणी गरीब असते ते साठ्याच्या दृष्टीने. तेथे प्रवाहाबरोबर सूक्ष्म अन्न अहोरात्र वाहात येत असते. ही गोष्ट विसरून केवळ आकड्याचे अनुकरण केल्याचा हा परिणाम होता.

काही चुकांना क्षमा नसते. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पाडणारा परजीवी रोग हटविण्यास तांब्याचे क्षार उपयोगी पडतात. द्राक्षबागेत मोरचूद वापरणाऱ्या शेतकऱ्याला तांब्याचा हा गुण ठाऊक आहे. परंतु तेच तांबे प्रवाळ, कोळंबी, शंखशिंपले यांना प्राणघातक ठरते, आणि एकदा टाकीत घातले की चुनखडीत शोषले जाऊन दीर्घकाळ राहते. मासा वाचविण्यासाठी घातलेल्या औषधाने सारी टाकी मरते. म्हणून रोगी मासा वेगळ्या भांड्यात काढावा आणि नवा मासा तर काही आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय आत घेऊच नये. दुसरी चूक माणसाच्याच जिवावर बेतते. झोअँथिड नावाच्या, बटणासारख्या सुंदर प्रवाळबंधूंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. खडकावरून ते काढण्यासाठी उकळते पाणी ओतले, तर वाफेबरोबर विष श्वासात जाते. अमेरिकेच्या अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ या काळात अशा संशयित विषबाधांची नोंद आरोग्यखात्याने केली आहे. त्यांत घरातील माणसे होती आणि दुकानांतीलही होती. असा खडक हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा आणि तो कधीही उकळू नये.

या साऱ्या अनुभवांतून काही सवयी रूढ झाल्या आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत थांबावे. दोन गोष्टी बरोबर बदलल्या तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, ते कधीच कळत नाही. रोजचे तापमान, क्षारांचे प्रमाण आणि अल्कता वहीत टिपावी. कारण हळूहळू होणारा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, ओळीने लिहिलेल्या आकड्यांत दिसतो. पाणी उबदार ठेवणारे एक मोठे यंत्र वापरण्याऐवजी दोन लहान वापरावीत, म्हणजे एकाचे बटण अडकून पडले तरी सारे पाणी शिजत नाही. वीज गेली तर हवा खेळविण्याची सोय हाताशी असावी, कारण प्रवाह थांबल्यावर दाटीवाटीच्या टाकीतला प्राणवायू काही तासांतच संपतो. आणि वाढलेल्या प्रवाळाची एक फांदी दुसऱ्याच्या टाकीत द्यावी. बर्लिनमध्ये डीट्रिख श्ट्युबर यांच्या टाकीत वाढलेल्या एका फांदीदार प्रवाळाचे तुकडे असेच हातोहात युरोपभर पसरले. शेतकरी आपले चांगले बियाणे शेजाऱ्याला देतो, तेव्हा ते केवळ औदार्य नसते. आपले शेत बुडाले तरी वाण राहावे, ही दूरदृष्टी त्यात असते.

येथवर ज्या चुका सांगितल्या त्यांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न टाळता येत नाही. संगोपकाचे पैसे गेले, हिरमोड झाला; पण जीव गेला तो समुद्राचा. टाकीत मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवा आणला जातो, तो बहुधा कोठल्या तरी भित्तीवरून तोडलेला असतो. फिलिपीन्समध्ये १९६० नंतर शोभेचे मासे पकडण्यासाठी सायनाइड वापरण्याची रीत पडली. त्यात मासा गुंगी येऊन हाती लागे आणि भोवतालचे प्रवाळ मरत. उलट दिशेनेही हानी झाली आहे. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढविलेल्या कॉलर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्यागार शैवालाचा सुमारे चौरस मीटरभर तुकडा १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्यालगत समुद्रात आढळला. १९८९ पर्यंत तो हेक्टरभर झाला आणि पुढे भूमध्य समुद्राच्या अनेक किनाऱ्यांवर पसरला. २००० साली तोच वाण कॅलिफोर्नियात सापडला. तेथे तो निपटून काढल्याचे जाहीर व्हावयास २००६ साल उजाडले. टाकीतले पाणी, शैवाल किंवा मासा परक्या समुद्रात कधीही सोडू नये, हा धडा शिकविण्यासाठी एका समुद्राला एवढी किंमत द्यावी लागली.

भारतात या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २००१ साली भित्तिकारक प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळालाही मिळाले. तेव्हा लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात, किंवा आपल्या मालवणचा किनारा आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस भर समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक, यांपैकी कोठूनही प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी वाट बंद झाली आहे असे मात्र नाही. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशाची पैदास बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र आपल्या देशातील सागरी मत्स्यसंशोधन संस्थांनी सिद्ध केले आहे. टाकीत जन्मलेला मासा टाकीत वाढविला, तर समुद्राकडून काही काढून घ्यावे लागत नाही.

आता समुद्रावरच संकट आले आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपसह हिंदी महासागरातील भित्तींवर हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. त्यानंतर २०१० साली आणि पुन्हा २०१६ साली घडले. आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभर चौथ्यांदा असे विरंजन चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. अशा वेळी काचपेटीत शिकलेली विद्या एका अनपेक्षित कामी येत आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज यांनी एक प्रश्न हाती घेतला. टाकीतले प्रवाळ वर्षानुवर्षे जगतात, मग ते समुद्रातल्यासारखी बीजे का सोडीत नाहीत? संगोपकांनी मोठ्या कष्टाने साधलेले स्थैर्य हीच येथे उणीव ठरली होती. समुद्रात ऋतूंप्रमाणे पाणी ऊबदार आणि गार होते, दिवस लहानमोठा होतो, चंद्र वाढतो आणि घटतो. टाकीत मात्र बारा महिने एकच दिवस चाललेला असतो. क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाळांच्या मूळ भित्तीवरील तापमान, सूर्योदय-सूर्यास्त आणि चांदणे यांची वर्षभराची लय टाकीत आणली. २०१३ साली तेथील प्रवाळांनी अपेक्षित काळी बीजे सोडली, आणि २०१७ साली चार जातींवरील ही सारी पद्धती त्यांनी इतरांसाठी सविस्तर प्रसिद्ध केली. तिच्याच आधारे फ्लोरिडातील मत्स्यालयात ऑगस्ट २०१९ मध्ये, तेथील समुद्रातून नाहीसा होत चाललेल्या स्तंभप्रवाळाने प्रयोगशाळेत बीजे सोडली.

ॲना थिनच्या घरातील मोलकरीण खिडकीपाशी पाणी ओतीत उभी राहिली त्या लंडन शहरातच हे घडावे, हा एक योगायोग होय. पण त्या दोन घटनांमध्ये जे आहे तो योगायोग नव्हे. वॉरिंग्टनची कुजलेली पाने, ठिबकत्या गाळण्यांतले नायट्रेट, एका दमात ओतलेली निवळी, शून्यावर आणलेले पाणी, असे किती अपयश त्या मधल्या काळात कोणी ना कोणी लिहून ठेवले, म्हणून पुढच्याला ते पुन्हा भोगावे लागले नाही. जे लिहिले गेले नाहीत, ते मात्र आजही कोठल्या तरी घरी नव्याने भोगले जात असतील.

बाटली घेऊन घरी आलेल्या मुलाला सकाळी मेलेला मासा दिसतो, तेव्हा घरातली वडील माणसे बहुधा बाटली रिकामी करून विषय मिटवितात. तसे न करता, पाणी किती होते, त्यात हवा कशी खेळली असती, घाण उचलणारे कोण होते, हे त्याला विचारावे. आणि पुढल्या सुटीत ओहोटीच्या वेळी त्याला त्याच खडकांपाशी न्यावे. डबक्यातला मासा तेथेच असू द्यावा. भरतीचे पाणी डबक्यात कसे शिरते आणि त्याबरोबर काय काय आत येते, ते त्याने काठावर बसून पाहावे. बाटलीत जे उणे राहिले होते ते तेथे त्याला पाहावयास मिळेल.